कामगारांचा लठ्ठपणा: बीएमआयची मर्यादा घालून प्रश्न सुटतो का?

प्रश्न असा आहे: कारखान्याच्या वार्षिक आरोग्य तपासणीत निम्म्याच्या आसपास कामगार जाड निघाले. उंचीवरची कामं, वाहन चालवणं आणि भट्टीजवळची कामं यांसाठी बीएमआयची (किलोंमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) कमाल मर्यादा ठरवावी आणि तिच्यावरच्यांना ‘अनफिट’ शेरा द्यावा, असं व्यवस्थापनाला वाटतंय. हे योग्य आहे का? नसेल तर आरोग्य विभागाने नेमकं काय करायचं?

सरसकट मर्यादा घालू नका. बीएमआय ३४ असलेला एखादा दिवसभर शिडी चढतो-उतरतो आणि त्याला दम लागत नाही. २६ असलेला दुसरा स्टिअरिंगवर डुलक्या काढतो. मर्यादा लावली की पहिला घरी बसतो आणि दुसरा गाडीवर राहतो. मात्र ‘वजन ज्याचं त्याचं, आपण कशाला बोलायचं’ असं म्हणूनही भागत नाही. काही ठिकाणी माणसाचं वजन थेट दोराच्या, शिडीच्या, उष्णतेच्या हिशेबात शिरतं. ती ठिकाणं मोजकी आहेत आणि एकेक करून तपासता येतात. बाकी चर्चा त्यानंतर.

आधी मोजमाप, कारण बराच गोंधळ तिथेच होतो. ‘निम्मे जाड’ हे कोणत्या निकषाने? जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषात बीएमआय २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराची जोखीम त्याआधीच वाढते, म्हणून २००४ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले. त्याच यादीला हे दोन निकष लावून पाहा, टक्केवारी कुठल्या कुठे जाते. निकष न लिहिता अहवालात टक्के देऊच नयेत. शिवाय बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. हमालीच्या कामावरच्या तिशीतल्या माणसाचा २७ आणि दहा वर्षं कंट्रोल रूममध्ये बसलेल्याचा २७, हे दोन वेगळे मामले आहेत.

म्हणून कंबरेचा घेर हवाच. टेप शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध, कपड्याखाली, जमिनीला समांतर धरायची आणि श्वास सहज सोडल्यावर वाचायची. पॅंटच्या पट्ट्याच्या जागी मोजू नका. ढेरी असलेल्या माणसाचा पट्टा पोटाखाली उतरलेला असतो, त्यामुळे घेर कमी भरतो आणि ज्याला पकडायचं तोच सुटतो. पुरुषांत ९४ सेंमी, आशियाई पुरुषांत ९०, आणि स्त्रियांत ८० हे सावधगिरीचे आकडे. लक्षात ठेवायला सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

रक्तदाबाचा पट्टा हे तपासणी शिबिरातलं सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. साधा प्रौढ मापाचा पट्टा दंडाचा घेर २७ ते ३४ सेंमी असेपर्यंतच चालतो. ३५ ते ४४ साठी मोठा पट्टा लागतो, त्याच्या वर मांडीचा. लहान पट्टा जाड दंडावर ओढूनताणून बसवला तर रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो. फुगवता फुगवता वेल्क्रो चर्रकन सुटू लागलं की समजावं, माप चुकलंय. रांगेतल्या तिघाचौघांना अशाने विनाकारण ‘बीपी’चा शिक्का बसतो आणि गोळ्याही सुरू होतात. मोठा पट्टा आणि किमान २०० किलोपर्यंतचा वजनकाटा मागवा. काटा पडद्याआड ठेवा, आणि आकडा मोठ्याने ओरडून दुसऱ्या टेबलावर सांगायची पद्धत आजच बंद करा. एकदा सगळ्यांदेखत हसं झालेला माणूस पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशी हमखास रजेवर असतो.

आता वजन थेट मोजलं जातं ती ठिकाणं.

पहिलं म्हणजे उंचीवरचं काम. शिडीवर भारक्षमतेची पाटी असते. युरोपीय ईएन १३१ मानकाच्या शिड्यांवर ती १५० किलो असते. अमेरिकी मानकात शिडीच्या प्रकारानुसार ९१, १०२, ११३, १३६ आणि १७० किलो असे टप्पे आहेत. हा भार माणूस, त्याचे कपडे, बूट, अवजारांचा पट्टा आणि हातातलं सामान मिळून असतो. ९५ किलोचा माणूस १२ किलोची अवजारं घेऊन चढला की १०२ किलोच्या शिडीचा हिशेब तिथेच संपला, आणि ९५ किलोच्या माणसाला कोणी फारसं जाडही म्हणत नाही.

सेफ्टी हार्नेसच्या, म्हणजे पडताना माणसाला अडवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांच्या, दोराचं गणित याहून नाजूक आहे. दोराला जोडलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर पडताना उसवत जातो आणि धक्का शोषतो. ईएन ३५५ मानकात त्याची चाचणी १०० किलोच्या वजनाने होते. अमेरिकी पद्धतीच्या साधनांवर बहुधा ५९ ते १४० किलो अशी वजनाची मर्यादा लिहिलेली असते. समजा अ‍ॅब्सॉर्बर सरासरी ४.५ किलोन्यूटन बलाने उसवतो आणि माणूस १.८ मीटर मोकळा पडतो. १०० किलोला तो साधारण अर्धा मीटर उसवेल. १३० किलोला सुमारे ७१ सेंमी. म्हणजे वजन ३० टक्क्यांनी वाढलं, उसवणं ४० टक्क्यांहून जास्त वाढलं. उसवायची लांबी संपली की उरलेला सगळा झटका दोरावर, हुकावर आणि पाठीच्या कण्यावर येतो. अ‍ॅब्सॉर्बर पुरला तरी खाली जास्त मोकळी जागा लागते, आणि ती जागा सेफ्टी ऑफिसरने ८० किलोच्या माणसासाठी मोजलेली असते. उपाय साधा आहे: अवजारांसह वजन १०० किलोच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाला जास्त क्षमतेचा अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याच्या मापाचा हार्नेस द्या, आणि अडकवायचा बिंदू डोक्याच्या वर घ्या म्हणजे मोकळं पडणंच कमी होतं. मांडीचे पट्टे लावल्यावर आत सपाट हात जेमतेम जावा. जाड माणसाला लहान हार्नेस दिला की तो मांडीचे पट्टे शेवटच्या भोकात कसेबसे अडकवतो किंवा लावतच नाही, आणि पाठीवरची कडी खांद्यांच्या मधून खाली सरकते.

असंच बंदिस्त टाकीत उतरण्याचं. माणूस आत शिरू शकतो का, एवढंच सगळे पाहतात. खरा प्रश्न वेगळा असतो: आत बेशुद्ध पडला तर त्याच भोकातून त्याला दोन माणसं किती वेळात वर काढतील? माणूस वर ओढायच्या तिपाईवरच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा, क्षमतेचा आकडा, स्ट्रेचरची क्षमता, जिन्यावरून उतरवायच्या खुर्चीची क्षमता हे सगळं तिथे काम करणाऱ्या सर्वांत जड माणसाशी ताडून पाहा. बचावाच्या सरावात वापरतात तो पुतळा बहुतेक वेळा हलका असतो; त्याला वाळूच्या पिशव्या बांधून खऱ्या वजनाचा करा. मग कळेल.

खुर्च्या आणि वाहनांच्या सीट हा कंटाळवाणा पण पैसे वाचवणारा भाग. ऑफिसच्या खुर्च्यांचं युरोपीय मानक ११० किलोपर्यंतच्या माणसाने दिवसाला आठ तास बसणं गृहीत धरतं. चोवीस तास चालणाऱ्या कंट्रोल रूममध्ये तीच खुर्ची तीन पाळ्यांत तीन माणसं वापरतात, मग खुर्चीचा पाय मोडला की दोष वजनाला. फोर्कलिफ्टच्या आणि अवजड वाहनांच्या सस्पेन्शन सीटला चालकाच्या वजनाप्रमाणे फिरवायचा नॉब असतो. आधीच्या पाळीवाल्याने ७० वर ठेवला आणि ११० किलोचा चालक तसाच बसला, की सीट प्रत्येक खड्ड्याला खाली आदळते. त्याच्या पाठदुखीचं कारण मग ‘पोट’ असं लिहिलं जातं. पाळी बदलताना नॉब फिरवणं वाहन तपासणीच्या यादीत घाला. छाती आणि स्टिअरिंग यांत एअरबॅगसाठी २५ सेंमी अंतर राहतं का, तेही एकदा टेप लावून पाहा.

ओझी उचलण्याबद्दल ‘पाठीवर ताण येतो’ एवढं मोघम बोलून कोणी ऐकत नाही, आकडा दाखवावा. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात आदर्श स्थितीतली मर्यादा २३ किलो आहे. घोट्यांच्या मध्यापासून हाताच्या पकडीपर्यंतचं आडवं अंतर २५ सेंमीपेक्षा जितकं वाढेल तितकी ही मर्यादा त्याच प्रमाणात घटते. ३० सेंमी खोलीचं खोकं सडपातळ माणूस पोटाशी धरतो तेव्हा हे अंतर ३५ सेंमीच्या आसपास असतं आणि मर्यादा १६.४ किलो येते. पोटामुळे तेच खोकं आणखी १० सेंमी पुढे गेलं की मर्यादा १२.८ किलो. खोकं तेच, माणूस ताकदवान, तरी त्याच्या मणक्याच्या हिशेबाने ते जड झालं. ‘ओझं अंगाशी धरा’ या पोस्टरचा त्याला उपयोग नाही, ते अंगाशीच आहे. त्याला उपयोग होतो तो कडेला मुठी असलेल्या अरुंद खोक्याचा, आणि माल जमिनीवरून न उचलता मांडीच्या मध्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत मांडण्याचा. जमिनीवरचा एखादा बोल्ट उचलतानाही वाकलेलं वरचं धड उचलावंच लागतं, आणि शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त वाटा तिथेच असतो. हा बदल बारीक माणसाच्याही पाठीला मानवतो, म्हणून तो कोणा एकाचं नाव न घेता करता येतो.

गुडघ्यांचं थोडक्यात. लठ्ठपणा वेगळा आणि गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून केलेलं काम वेगळं, दोन्हींनी गुडघ्याची झीज वाढते. एकत्र आले की जोखीम कितीतरी पटीने वर जाते. फरशी बसवणारे, वेल्डर, पाइपाची कामं करणारे यांना आधी पाहा. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवरच्या अभ्यासात एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला आढळला. ‘दहा किलो कमी करा’ असं ऐकून निराश होणाऱ्या माणसाला हा आकडा सांगावा. मनगटातली नस दबण्याचा त्रासही लठ्ठ माणसांत साधारण दुपटीने आढळतो. अशा माणसाच्या हातात कंप पावणारं अवजार असेल तर मुंग्या येण्याची तक्रार लवकर मनावर घ्यावी.

उष्णता हा माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा, कारण इथे चुकीला दुसरी संधी नसते. १७० सेंमी उंचीच्या दोन माणसांचा हिशेब करू. ६५ किलोच्या माणसाची त्वचा सुमारे १.७५ चौरस मीटर, १०५ किलोच्याची सुमारे २.१५. वजन ६० टक्क्यांहून जास्त वाढलं, पण घाम उडून उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग जेमतेम २३ टक्क्यांनी वाढला. त्यात चरबीला तापायला स्नायूपेक्षा कमी उष्णता पुरते. आणि चालणं-चढणं म्हणजे स्वतःचं शरीर वाहून नेणं. एखाद्या कामाला दर किलो वजनामागे मिनिटाला १२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो असं धरा आणि दोघांचीही कमाल क्षमता मिनिटाला २.८ लिटर धरा. ६५ किलोचा माणूस आपल्या क्षमतेच्या २८ टक्क्यांवर काम करतोय, १०५ किलोचा ४५ टक्क्यांवर. आठ तास टिकणाऱ्या कामासाठी साधारण एक-तृतीयांश ही मर्यादा मानतात. सुपरवायझरला मात्र दोघं एकच काम करताना दिसतात, आणि वारंवार टेकणारा दुसरा त्याला ‘कामचुकार’ वाटतो.

व्यवहारात काय करायचं? नव्या माणसाला उष्ण कामावर पहिल्या दिवशी पूर्ण वेळेच्या २० टक्केच ठेवावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. कामाची सवय असलेला माणूस आठवडाभराहून जास्त सुट्टीवरून परतला तर ५०, ६०, ८०, १०० टक्के अशा चार दिवसांत. लठ्ठ आणि तंदुरुस्ती कमी असलेल्या माणसाला हा काळ मुद्दाम लांबवावा. उष्णता अंगवळणी पडायला एरवीही एक ते दोन आठवडे लागतात. दर १५-२० मिनिटांनी साधारण एक पेला, २४० मिलिलिटर पाणी. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं सोडियम घसरतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का, हे विचारायला विसरू नका, कारण या गटात ती घेणारे पुष्कळ असतात. मांड्या, काखा, पोटाच्या घड्या यांत घामाने कातडी सोलवटते. त्यावर इलाज झाला नाही तर माणूस संरक्षक पोशाख सैल करतो किंवा काढून ठेवतो, आणि सुपरवायझरला ती बेशिस्त वाटते. उष्माघातात आधी थंड करणं, मग हलवणं. ताडपत्रीवर झोपवून कडा वर धरून बर्फाचं पाणी ओतायची पद्धत जड माणसासाठी सोयीची, कारण त्याला टबात उचलून ठेवायला लागणारी माणसं ऐनवेळी जमत नाहीत.

झोपेत श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हा चालक, क्रेन ऑपरेटर आणि कंट्रोल रूम यांचा मुख्य विषय. मान जाड असेल, घोरणं दारापलीकडे ऐकू येत असेल, बीएमआय ३५ च्या वर असेल तर शंका घ्या. ‘स्टॉप-बँग’ नावाच्या आठ प्रश्नांच्या चाचणीत पाच किंवा जास्त गुण म्हणजे जोखीम मोठी. पण या प्रश्नावल्यांची मर्यादा ओळखा. दिवसा झोप येते का, या प्रश्नाला परवाना जाण्याची भीती असलेला चालक ‘नाही’च म्हणणार. म्हणून चालकांच्या बाबतीत तोंडी उत्तरांपेक्षा मानेचा घेर, बीएमआय, औषधांनी न आटोपणारा रक्तदाब आणि एकट्याने रस्ता सोडून झालेले अपघात यांवर भर द्या, आणि शंका असेल तर घरी करता येणारी झोपेची चाचणी करून घ्या. तासाला श्वास अडकण्याच्या ५ ते १५ घटना सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

इथे धोरण औषधापेक्षा महत्त्वाचं ठरतं. ‘चाचणीत सापडलास तर गाडी गेली’ असा नियम असेल तर कोणी सापडणार नाही. आधी लेखी ठरवा: चाचणी आणि उपचाराचं मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप) यांचा खर्च कोण करणार, मधल्या काळात कोणतं पर्यायी काम, पगार तोच राहणार का, आणि गाडीवर परत केव्हा. परतीसाठी मशीनच्या कार्डावरची नोंद पाहतात. किमान ७० टक्के रात्री दर रात्री ४ तास वापर हा रूढ निकष आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मास्क गळतो, नाक कोरडं पडतं आणि मशीन कपाटावर जातं, म्हणून पहिली भेट महिन्याने नव्हे तर आठवड्याने ठेवा. रात्रपाळीवाल्याला दिवसा झोपतानाही मशीन लावायचं असतं, हे वेगळं सांगावं लागतं.

फुप्फुसांच्या तपासणीत लठ्ठपणा दिशाभूल करतो. धुळीत काम करणाऱ्यांची दरवर्षी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकायला लावून फुप्फुसातली हवा मोजायची चाचणी, होते. पोटाच्या चरबीमुळे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि फुंकून बाहेर काढलेली एकूण हवा थोडी घटते, त्यातली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते ते प्रमाण मात्र सामान्य राहतं. कागदावर हे चित्र धुळीने फुप्फुस आकसल्यासारखंच दिसतं. चूक दोन्ही बाजूंनी होते: कोणी जाड माणसाला सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) ठरवून मोकळा होतो, तर कोणी खरा सिलिकोसिस ‘वजनामुळे असेल’ म्हणून सोडून देतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. प्रत्येक स्पायरोमेट्रीच्या कागदावर त्या दिवशीचं वजन लिहा आणि पाच वर्षांचे कागद शेजारी ठेवून वाचा. वजन स्थिर असताना हवा घटत असेल तर वजनाला दोष देता येत नाही. एक्स-रे आणि फुप्फुसांच्या पुढच्या चाचण्या करा.

यकृताचंही तसंच. लठ्ठ माणसांत यकृतात चरबी साठून रक्तातलं एएलटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असणं अगदी नेहमीचं. पण डायमिथाइल फॉर्मामाइड किंवा व्हिनाइल क्लोराइड यांच्याशी संबंध येणाऱ्या माणसात तेच एएलटी रसायनामुळेही वाढतं, आणि व्हिनाइल क्लोराइडने तर यकृतात चरबीही साठते. म्हणून त्या विभागातल्या बारीक आणि जाड अशा सगळ्यांचेच आकडे एकत्र मांडून पाहा. बारीक माणसांचंही वाढलेलं असेल तर एक्झॉस्ट बंद आहे का, ते आधी तपासा. चरबीत विरघळणारी द्रावकं लठ्ठ शरीरात जास्त काळ साठून राहतात, तेव्हा सुट्टीनंतर घेतलेल्या नमुन्यातही अंश सापडला म्हणून माणसाने घरी काही हाताळलं असेल, असा तर्क करू नये.

श्वसन मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा असेल तर वजनात ठळक फरक पडल्यावर फिट टेस्ट, म्हणजे मास्क कडेने गळतो का ही चाचणी, पुन्हा करावी लागते. वाढलं तरी आणि उतरलं तरी. दहा किलोंचा फरक हा कामचलाऊ टप्पा म्हणून ठेवता येतो.

आता ‘फिट-अनफिट’. प्रत्येक जोखमीच्या कामाचं एक पान तयार करा: किती मीटरची शिडी, पाळीत किती वेळा, भोकाचा व्यास किती, कमाल ओझं किती आणि कोणत्या उंचीवरून, उष्णतेत सलग किती मिनिटं. हे पान डॉक्टरने एकट्याने खुर्चीत बसून लिहू नये. सुपरवायझर आणि ते काम करणारा माणूस दोघं सोबत हवेत. मग माणसाला त्या पानावर तपासा. छातीत दुखणं, चक्कर यांची विचारपूस, रक्तदाब आणि ईसीजी झाल्यावर प्रत्यक्ष शिडी चढायला लावा, गुडघे टेकून आधाराशिवाय उठायला सांगा, त्या मापाच्या भोकातून जाऊन दाखवू द्या. बीएमआय ३४ चा माणूस हे करून दाखवत असेल आणि साधनं त्याच्या वजनाला पुरत असतील, तर शेरा ‘फिट’. नसेल तर शेऱ्यात ‘लठ्ठपणा’ लिहायचं नाही. ‘सहा मीटरपेक्षा उंच उभी शिडी तीन महिने नको, पुन्हा तपासणी’ असं लिहायचं. अशा शेऱ्यावर कामगार आणि व्यवस्थापन दोघांनाही पुढे काही करता येतं. कायद्याच्या दृष्टीनेही हेच टिकतं. डेन्मार्कमधल्या एका बालसंगोपन कर्मचाऱ्याच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की लठ्ठपणामुळे कामातल्या सहभागात दीर्घकाळ अडथळा येत असेल तर तो अपंगत्वात मोडू शकतो. मग त्यानुसार वाजवी सोय करून देणं मालकावर येतं.

व्यवस्थापन बहुधा खर्चाचा आकडा पुढे करतं आणि त्याचा आधारही खरा आहे. ड्यूक विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरच्या २००७ च्या अभ्यासात बीएमआय ४० च्या वर असलेल्यांचे भरपाईचे दावे दर १०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागे वर्षाला ११.६५ होते, योग्य वजनाच्यांचे ५.८०, बुडालेले दिवस सुमारे १८४ विरुद्ध १४. दुखापती मुख्यतः पाय, मनगट-हात आणि पाठ यांच्या. कारणं घसरून पडणं आणि उचलणं. पण नीट पाहिलं तर दावे दुप्पट आणि दिवस तेरापट आहेत. म्हणजे फरक दुखापत होण्यात आहेच, पण त्याहून मोठा दुखापतीनंतर कामावर परतण्यात आहे. तेव्हा हलक्या कामावर लवकर परत आणायची व्यवस्था आणि लवकर सुरू केलेली फिजिओथेरपी यांतून जे वाचेल, ते भरतीच्या दारात माणसं नाकारून वाचणार नाही.

वजन वाढण्यात कामाचाही हात असतो, तो भाग अहवालातून सहसा गळतो. अमेरिकेतल्या रोजगारांवरच्या २०११ च्या एका विश्लेषणानुसार १९६० पासून कामावर खर्च होणारी ऊर्जा माणशी दिवसाला १०० कॅलरींहून जास्त घटली. रात्रपाळी, सलग ओव्हरटाइम, दोन पाळ्यांत पुरेशी विश्रांती न मिळणं यांचा लठ्ठपणाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. झोप तुटली की भूक वाढते, आणि रात्री दोन वाजता समोर फक्त गोड पेयांचं मशीन असतं. पाळ्यांचं वेळापत्रक बदलणं हे आहारावरच्या भाषणापेक्षा अवघड आहे, म्हणून भाषणं होतात. उभं राहून काम करायच्या टेबलांनी वजन उतरेल, ही आशाही सोडा: उभं राहिल्याने बसण्यापेक्षा मिनिटाला जेमतेम ०.१५ कॅलरी जास्त जळते, तासाला ९. पाठ-मानेसाठी घ्यायची तर जरूर घ्या. आणि ‘आमचे कामगार दिवसभर राबतात, त्यांना व्यायाम कशाला’ हेही खरं नाही. तासन्‌तास ओझी वाहणं, वाकून उभं राहणं यात रक्तदाब चढा राहतो आणि विश्रांती मिळत नाही; मोकळ्या वेळातल्या झपझप चालण्याने हृदयाला जो फायदा होतो, तो त्यातून मिळत नाही.

‘वेलनेस’ कार्यक्रमांबाबत हात आखडता घ्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अमेरिकेतल्या १६० दुकानांपैकी २० दुकानांत असा कार्यक्रम राबवला. दीड वर्षाने बीएमआय, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. सर्वांसाठी थोडं-थोडं केलं की असं होतं. त्याउलट, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवरच्या २००२ च्या अमेरिकी चाचणीत ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं लक्ष्य ठेवून प्रत्येकाचा नियमित पाठपुरावा केला, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पैसे मर्यादित असतील तर जास्त जोखमीच्या मोजक्या माणसांवर, कामाच्या वेळेतच, तसं काम करा. ‘महिन्यात सर्वांत जास्त कोण उतरवतो’ अशा स्पर्धा मात्र नकोत. शेवटच्या आठवड्यात लोक पाणी तोडतात, आणि भट्टीजवळ पाणी तोडणं म्हणजे काय ते वर आलंच आहे.

वजन उतरवायची इंजेक्शनं घेणारे कामगार आता तपासणीत भेटू लागले आहेत. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास, टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास वजन घटलेलं चाचण्यांत दिसलं. कामाच्या बाजूने चार गोष्टी पाहाव्या लागतात. मात्रा वाढवण्याच्या आठवड्यांत मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी घटतं; ती वाढ उष्ण कामाच्या मध्यावर येऊ देऊ नका. वजन उतरलं की आधीच्या रक्तदाबाच्या गोळ्या भारी पडतात आणि उभं राहताना चक्कर येते, उंचीवरच्या माणसाला हे जिवावर बेतू शकतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाते, चालकाला तर हे विचारलंच पाहिजे. आणि हार्नेस, मास्क, सीटचा नॉब हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं. बेरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीच्या, शस्त्रक्रियेनंतर जड ओझं उचलण्याची परवानगी सर्जनच्या लेखी चिठ्ठीशिवाय देऊ नका. बाहेरची जखम भरलेली दिसते तेव्हा आतली भरलेलीच असते असं नाही.

व्यवस्थापनाला काय द्यायचं? नावांची यादी नाही. विभागवार गोषवारा द्या, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा आकडा शेजारच्या विभागात मिसळून द्या, नाहीतर कोण ते सगळ्यांना कळतं. सोबत दुसरी यादी जोडा, ती सामानाची: कोणत्या शिड्या, अ‍ॅब्सॉर्बर, खुर्च्या, विंच, स्ट्रेचर तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांच्या वजनाला कमी पडतात, बदलायला किती खर्च येईल, आणि बदल होईपर्यंत कोणतं काम थांबवावं लागेल. बीएमआयच्या मर्यादेची मागणी बैठकीत पुन्हा निघाली, तर हीच यादी टेबलावर ठेवा.